बाटलीवरचं वाक्य

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, केस कापायचं हे दुकान आणि त्यातूनच उभी राहिलेली केसांच्या तेलाची कंपनी यांची संस्थापक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचाय) लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

१. राहतं घर मुलाला आणि मुलीला निम्मं निम्मं. वरचा मजला कुणाचा यावरून भांडू नये. दोन्ही मजले सारखेच गळतात.

२. तेलाची कंपनी मुलाला. त्याची जीभ गोड आहे, धंदा सांभाळेल. अट एकच: बाटलीवरचं ‘सहा आठवड्यांत नवे केस’ हे वाक्य काढून टाकावं. ते माझंच आहे आणि खोटं आहे. मुलाने स्वतः तीन वर्षं तेल चोळलं. त्याचं कपाळ आता मानेपर्यंत पोचलंय.

३. धाकट्या दिरांना काळा रंग तहहयात फुकट द्यावा. आपले केस जन्मजात काळे आहेत असं ते चारचौघांत सांगतात आणि दर महिन्याला मागच्या दाराने येतात. दुकान काढलं तेव्हा “वहिनी, चार दिवसांत गाशा गुंडाळाल,” म्हणाले होते. मी विसरलेली नाही.

४. दुकान, तिन्ही खुर्च्या, आरसे आणि कात्र्या मुलीला. नऊ वर्षांपूर्वी तिने भरल्या दुकानात एका बाईंना सांगितलं, “काकू, या तेलाने केस उगवणार नाहीत हो, मऊ मात्र होतील.” मी म्हटलं, “हो बाहेर!” ती गेली आणि बरोब्बर समोर दुकान थाटून बसली. तेव्हापासून आम्ही दोघी एकाच वेळी शटर उघडतो आणि एकमेकींकडे ढुंकूनही बघत नाही. गिऱ्हाइकं मेली दोन्हीकडे जातात.

तिचं बरोबर होतं. आईने मुलीची माफी कशी मागायची, हे मला कुणी शिकवलं नाही.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला तेवढा धीर नाही. याची नक्कल आजच समोरच्या दुकानात पाठवते आहे. मुली, सोमवारी तुझंही दुकान बंद, माझंही. नऊ वर्षं मागचे केस मी आरशात बघून स्वतःच कापतेय आणि ते भयंकर वाकडे झालेत. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ये. कात्री तुझीच आण, माझ्या सगळ्या बोथट झाल्यात.

सही: (दुकानाची मालकीण)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (टक्कल आहे, तेलात यांचा काही स्वार्थ नाही)
२. शेजारचे शिंपी (वाचताना रडले, कागदावरचा डाग त्यांचा आहे, माझा नाही)

ठिकाण: दुकानातली मधली खुर्ची
दिनांक: नऊ, शनिवार. सोमवार परवाच आहे.