कूलरच्या खोलीतली ऑर्किडं

अर्जुनी मोरगाव,
दि. १४ मे २०२५

चि. सौ. प्रिया हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि दुर्गेशराव नागपूरच्या उन्हात कसे आहात? पत्र पाहून घाबरू नकोस. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि बाहेर खाटेवर बाबा असताना स्पीकरवर तुझ्याशी काय बोलणार?

उन्हाळी धान कापणीला आलं. हिमांशूनं कूलरला नवी खस लावली. तुझी डिंपलवहिनी बरी आहे, म्हणजे परवापरवापर्यंत सासूशी बोलत नव्हती, पण बरी आहे. त्याचंच सांगायला बसले.

तुझी ऑर्किडं मरताहेत.

तू सांगून गेलीस तशीच ठेवली होती मी. अंगठ्याएवढी झाडं, काही मोहाच्या सालीवर बांधलेली, काही कोळशाच्या पेल्यांत, कूलरच्या खोलीत पण थेट झोतात नाही. मुळं पांढरी दिसली की सकाळी पाणी, हिरवी असली तर हात लावायचा नाही. वर्षभर नीट चाललं, एकाला पिवळं फूलही आलं. होळीनंतर मात्र एकेकाची पानं बुडातून गळायला लागली. बोट लावलं तर लिबलिबीत. मी पाणी दिलेलं नसायचं आणि पेले भिजलेले असायचे. म्हणजे कोणाचा तरी हात होता.

मला डिंपलचाच संशय आला. का येऊ नये? तिला ती खोली शिलाई मशीनसाठी हवी आहे. दाराशी उभी राहून भिंती अशा बघते, जणू मापं घेते आहे. पाहुण्यांना म्हणते, ही दीदींची झाडं, आणि ओठ दाबून हसते. मी तिच्या मागावरच राहिले. दुपारी ती कुठे निजते, तांब्या जागेवर आहे का, ओढणी ओली कशानं झाली. भांडी घासणारीची ओढणी ओली होणारच, पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

शेवटी सरळ विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, मले काय करायचं त्या झाडाईचं? त्या खोलीत झाडू माराचा तरी तुमाले विचारा लागते."

मला ते उद्धट वाटलं. मी तिच्या माहेरावरून बोलले. तेव्हापासून अबोला होता.

मागच्या आठवड्यात सोमवारी बचत गटाला जाताना त्या खोलीत उंबऱ्याच्या आत धानाचा बारीक कोंडा भुरभुरून गेले. परत आले तर पावलं उमटलेली. मोठी, पसरट, आणि डाव्या पायाची करंगळी नाही. बांध फोडताना बाबांच्या पायावर फावडं बसलं, तेव्हा त्या जखमेवर हळद तूच दाबून धरली होतीस.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू जातीबाहेर लग्न केलंस त्या दिवशी हे म्हणाले होते, या घरात तिचं नाव निघायला नको. ते मी सोसलं. पण आता तुझी झाडंही मारायची? मनात इतकं विष साठलं असेल तर काय म्हणायचं या माणसाला?

दुसऱ्या दिवशी जायचं सोंग केलं आणि परसदारानं येऊन खिडकीशी उभी राहिले. हे तांब्या घेऊन आत आले. एका झाडाची लोंबती मुळं बोटावर घेतली, पाहिली, आणि वरून धार सोडली.

"पे बाई, पे," म्हणाले. "तुही माय पानी देऊनच नाही राहिली तुले."

आयुष्यभर पाणकर म्हणून काम केलेला माणूस. गावतलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती सोडायचं ते सगळं गाव त्यांना विचारायचं. धानाच्या बुडाशी पाणी उभं दिसलं नाही तर यांना जेवण जात नाही. हवेत लोंबणारी कोरडी, पांढरी मुळं पाहून त्यांना काय वाटलं असेल? तांब्या रिकामा झाला तरी ते तिथेच उभे होते. मला खिडकीपाशी रडू आलं.

डिंपलला म्हटलं, चुकले गं. ती म्हणाली, "मले मालूम होतं, मम्मी. पन बाबूजी तिथं जाऊन डोळे पुसतेत. कसं सांगू मी?"

पोरीनं माझी बोलणी खाल्ली, पण यांचं नाव घेतलं नाही.

आता एकच झाड उरलंय. मोहाच्या सालीवरचं. त्याला कळीची काडी आली आहे. यांना एका शब्दात सांगता येईल की पाणी नको. दोनदा तोंडाशी आलं. पण पाणी थांबलं तर त्या खोलीत जायला यांना कारण उरणार नाही, आणि तुझं नाव तर हे काढत नाहीत. म्हणून मी गप्प आहे आणि झाड रोज भिजतं आहे.

किती पाणी द्यायचं ते त्यांना तूच येऊन सांग. दुर्गेशरावांना घेऊन ये. झाड आहे तोवर ये.

रोज फाटकाकडे बघणारी,
तुझी आई
जमुना