उलट्या तोंडाचा लूपर

अ‍ॅक्रन, ओहायो
९ मार्च १९५८

तीर्थरूप बाबांस,
वर्नाचे सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दोन ओळी हवामान, एक ओळ गाईबद्दल आणि बाकी कागद कोरा. सुताचा तुकडा वाया गेला तर गिरणी डोक्यावर घेणारा माणूस एवढा कागद कसा वाया घालवतो, असं ग्लेन विचारत होता.

इमाकाकूचंही पत्र आलं. क्लोविसकाकांनी काम सोडलं म्हणे. छातीत कापसाची धूळ बसली आहे, व्हरांड्यातून अंगणात आले तरी टेकावं लागतं. एक शेत ओलांडलं की त्यांचं घर, आणि ही बातमी मला अ‍ॅक्रनमध्ये बसून कळावी?

बाबा, काकांशी त्या लूपरवरून चाललेलं भांडण आता पुरे. गालिच्याच्या मशीनची सुई धागा कापडातून खाली नेते, खालून लूपर येऊन तो अडकवून धरतो आणि मग चाकू कापतो, हे तुम्ही दोघांनीच मला जेवणाच्या टेबलावर काट्याने दाखवलं होतं. पुढे एका हिवाळ्यात तुम्ही लूपरचं तोंडच उलटं फिरवलंत, म्हणजे धागा न कापता त्याचा फास गालिच्यावर तसाच उभा राहावा. तेव्हा शेडमधून तुमचं हसणं घरात ऐकू यायचं. कल्पना कोणाची, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. एकदा जाऊन या.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
वर्ना


डाल्टन, जॉर्जिया
३० मार्च १९५८

चि. वर्नास,
अ. उ. आ.

लांब पत्र लिहितो, म्हणजे तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं तोंड बंद होईल. गाय बरी आहे.

लूपरचं तोंड उलटं करायचं मला सुचलं. घासून, वाकवून, सुईच्या वेळेशी जुळवून बसवलं क्लोविसने. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण एका शब्दाने न विचारता तो लूपर खिशात घालून नदीपलीकडच्या गिरणीत गेला, तिथे फोरमन झाला, आणि आता सगळं खोरं त्याला 'क्लोविसचा लूपर' म्हणतं. यात माझ्या भावाचाही हात आहे, एवढं म्हणायला त्याची जीभ झडली असती का?

तरी तुझ्यासाठी एक ठरवलं आहे. जूनच्या पहिल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. कंबरेला टॉवेल बांधून भावाचे पाय धुवायचे, मग आपण बसायचं आणि त्याने आपले धुवायचे. मनात अढी असलेल्याने पुढच्या बाकावर बसायचं नाही, म्हणून इतकी वर्षं आम्ही दोघेही मागे बसतो, तो दाराशी आणि मी खिडकीशी. यंदा मी पुढे बसेन. पण जे करायचं ते सगळ्यांसमोर. भांडण गावाने पाहिलं, तर हेही गावाने पाहावं. त्याच्या व्हरांड्यात चोरासारखा जाणार नाही.

नातवाला जवळ घे. आमची आठवण ठेवत जा.

तुझा बाप,
आर्विल


अ‍ॅक्रन
१८ मे १९५८

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ग्लेनला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही पुढच्या बाकावर बसणार आहात हे मी काकूला लिहून टाकलं. रागवायचं तर रागवा. काकूचं उलटटपाली उत्तर आलं की काका ते ऐकून म्हणाले, आर्विल म्हणाला म्हणजे बसेलच.

पण काकांची तब्येत अजून उतरली आहे. जूनपर्यंत कशाला थांबता? गावाचं काय घेऊन बसलात? आजच जा. जाताना ताकाची बाटली न्या, काकांना आवडतं, आणि हातात काही असलं की पहिलं वाक्य सापडायला सोपं जातं.

सूनबाई नाही, लेक आहे मी, म्हणून हक्काने लिहिते. लोभ धरावा.

वर्ना


डाल्टन
१ जून १९५८

चि. वर्नास,
अ. उ. आ.

झालं तुझ्या मनासारखं. आज पुढच्या बाकावर बसलो. नवा टॉवेल नेला होता. बूट-मोजे काढून अनवाणी बसलो, सगळ्यांची नजर माझ्यावर. क्लोविस आलाच नाही. शेवटी म्हाताऱ्या ब्रदर टीगने माझे पाय धुतले आणि मी त्याचे.

परत येताना तुझा काका त्याच्या व्हरांड्यात बसलेला दिसला. आजारी म्हणे! चांगला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, पाय उघडे, समोर पाण्याने भरलेलं तसराळं. मी तिकडे चारचौघांत अनवाणी बसलो आणि हा घरी गारव्याला पाय सोडून बसला. मला पाहून त्याने हात वर केला. मी ट्रक थांबवला नाही.

आता या विषयावर लिहू नकोस. बाकी खुशाल. मुलाची खबर कळवत जा.

आर्विल


अ‍ॅक्रन
५ जून १९५८

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

मायना कसाबसा लिहिला, तेवढाही धीर नव्हता. बाबा, त्यांचे पाय तसराळ्यात नव्हते, तसराळं समोर होतं, हे तुम्हीच लिहिलंय. चर्चच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. तुम्ही त्याच रस्त्याने येणार हे त्यांना माहीत होतं. माणूस पाय गार करायला इस्त्रीचा शर्ट घालतो का?

पत्र हातात पडेल तेव्हा टोपी घालून सरळ निघा. जेवणसुद्धा नंतर करा.

वर्ना


डाल्टन
१४ जून १९५८

चि. वर्नास,
अ. उ. आ.

तार पोचली असेलच. क्लोविसला बुधवारी पुरलं.

सोमवारी दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा तुझं पत्र मिळालं. ते खिशात घालून गिरणीत गेलो, सुटल्यावर तसाच त्याच्याकडे जायचं ठरवून. सुटायच्या वेळी एका मशीनवर लूपर उशिरा यायला लागले. सुई वर गेल्यावर लूपर पोचला तर धागा निसटतो आणि गालिच्यात उघडी रेघ पडते. मी खाली शिरलो आणि एकेक लूपर जुळवत बसलो. दुसऱ्या पाळीच्या फिटरलाही ते जमलं असतं. तो तसं म्हणालाही, आणि मी त्याला हाकलून दिलं. पोरी, मला त्या व्हरांड्याची भीती वाटत होती. बाहेर आलो तेव्हा इमाचा भाऊ फाटकाशी माझी वाट पाहत उभा होता.

इमाने सगळं सांगितलं. शर्ट त्याने स्वतः मागून घेतला होता. टॉवेल त्याच्या मांडीवर होता, रस्त्यावरून मला तो दिसला नाही. पाणी निवलं की तो तिला बदलायला लावायचा. मी निघून गेल्यावरही त्याने एकदा बदलायला लावलं. तिला म्हणाला, आर्विलला गाडी वळवायला पुढे जागा लागते.

पुरण्याच्या आदल्या रात्री कपडे घालून त्याला त्याच्या घरी आणून ठेवलं होतं. रात्रभर सोबतीला बसलेले लोक पहाटे कॉफीला आत गेले, तेव्हा मी इमाला विचारलं आणि त्याचे मोजे काढले. पाणी तिने कोमट करून दिलं. दोन्ही पाय धुतले, पुसले, मोजे पुन्हा चढवले. मग सवयीने मी खुर्चीवर बसलो आणि बूट काढले. आता त्याची पाळी असते. बायकांनी पुरुषांचे पाय धुवायची आपल्यात रीत नाही, म्हणून इमा टॉवेल धरून नुसती उभी राहिली. बऱ्याच वेळाने माझे बूट तिनेच माझ्यापुढे सरकवले.

जमलं तर महिनाभर येऊन जा. काही चुकलं तरी बापाला दूर करू नकोस.

आर्विल