बोटभर जागा

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार

'बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्यावा.' — छापील! कॉलेजच्या पत्रकात! तीस वर्षं यवतमाळातल्या पायांसाठी जोडे शिवतोय. चावला म्हणून एकानेही जोडा परत आणलेला नाही. आणि आता या वयात मला शिकायचंय की जोडा ढिला असावा.

पत्रक आमच्या तमन्नाने आणलं. डिसेंबरात चिखलदऱ्याला तीन दिवसांचं गिर्यारोहणाचं शिबिर. सहा मुली जाणार, त्यातल्या दोघी निवडून मे महिन्यात हिमालयात. तिने सगळं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. बूट घोट्याच्या वर हवा. तळाला खाचा हव्यात. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय फुगतो. तेही लोकरीचे मोजे घालून. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटतात. नखं कापून जावं. — लिहिणाऱ्याला पाय म्हणजे नवरदेव वाटला असावा, इतके लाड!

माझी बायको रुबीना ऐकत होती. पत्रकातली मराठी तिला अर्धी कळली, पण मे महिना बरोबर कळला. मे महिन्यात बाभुळगावचं स्थळ आहे. मुलाचं नाव अय्याज. स्पेअर पार्टचं दुकान, स्वतःचं घर, विडीचंही व्यसन नाही. रुबीना म्हणाली, "पहाड कहीं भाग नहीं रहा. लडका भाग जाएगा."

तमन्ना तिच्याशी हिंदीत बोलते आणि माझ्याशी मराठीत, कारण आम्हा बापलेकीची मराठी शाळा एकच. माझ्याकडे वळून म्हणाली, "अब्बा, माही निवड झाली तं दोन वर्षं लग्नाचं नाव नाही काढायचं. नाही झाली तं मी हो म्हणीन. जबान देते."

मी दोघींना म्हणालो, ठीक आहे. पंच झालो! पंचाचं मन मात्र केव्हाच बाभुळगावला जाऊन बसलं होतं. एकुलती एक मुलगी. बाभुळगाव एस.टी.ने तासाभरावर. हिमालय कुठे आहे ते मला नकाशातही पटकन सापडत नाही.

१५ नोव्हेंबर

सगळा बाजार पालथा घातला. डोंगराचा म्हणून एकच बूट मिळाला, तळ चिकटवलेला. दुकानदारासमोरच अंगठ्याने उचकटून दाखवला. त्याने हाकललं.

तमन्ना म्हणाली, "तुमीच करा ना अब्बा. तुमचा जोडा चावत नाही." बापाला कुठे हात लावला की तो विरघळतो, हे मुलींना जन्मतः कळतं.

१६ नोव्हेंबर

माप सकाळी घेतलं. अनवाणी पायाचं. संध्याकाळी दुकानात गर्दी असते.

गर्दी! रमजान सरल्यापासून दुकानात माशी फिरकत नाही. गावोगावचा कापूस खरेदी केंद्राबाहेर गाड्यांवर पडून आहे, जोडे कोण घेतो? आज दिवसभरात एक टाच आणि एक बक्कल.

ती विचारत होती, "एक नंबर मोठा ठेवता ना, अब्बा?"

म्हटलं, मला शिकवतेस? हसली. लोकरीचे मोजे घेऊन आली होती, ते तसेच हातात धरून निघून गेली.

पाच नंबर. नेमका पाच.

२० नोव्हेंबर

नागपूरहून कातडं आलं. हात फिरवला आणि बाकी सगळं विसरलो. तळासाठी लोहारा गावच्या टायरवाल्याकडून ट्रकचं टायर आणलं, खाचा अजून चांगल्या खोल आहेत. शिलाई दुहेरी. असं काम कित्येक वर्षांत केलं नव्हतं. चपलांना अंगठे लावून लावून हात गंजला होता.

२३ नोव्हेंबर

बोरी अरबचे नानाजी आले होते. चपलेचा पट्टा तुटलेला. चार दिवसांपासून केंद्राबाहेर गाडी लावून बसलेत. "ग्रेडर म्हणते कापूस ओला हाय. अरे बाबा, चार दिवस उन्हात मी सुकून गेलो, अन् कापूस कसा ओला?" मी हसलो. ते हसले नाहीत.

पट्टा शिवत होतो, तेवढ्यात त्यांनी फळीवरचा बूट उचलला. "कोनाचा हाय?" सांगितलं. त्यांनी थेट आत हात घातला, गाईला तपासतात तसा. म्हणाले, "युनूसभाऊ, पुढं जागा काहून नाही ठेवली?"

म्हटलं, माप घेऊन केलाय.

"माप तं उभ्या मानसाचं घेतलं तुमी. आमी पोरपनी टेकडीवरून मोळ्या उतरवत होतो. चढतानी दम लागते, उतरतानी अंगठा मरते. पोरगी उतरनार नाही काय वापस?"

मी त्यांना चहा मागवला. चहा आला की माणूस विषय सोडतो. त्यांनी सोडला. मला सोडवेना.

२८ नोव्हेंबर

बूट झाला. एक टाका वाकडा नाही. मीच केला यावर माझाच विश्वास बसेना! तमन्ना तो घालून लोहाऱ्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. डांबरी सडक, कुठे खड्डा असेल तेवढाच उतार. धापा टाकत म्हणाली, "अब्बा, पायाची कातडीच वाटते! काल शिबिराच्या मॅडमले सांगून आली मी, माह्या अब्बाचा जोडा चावूच शकत नाही."

आज जेवण गेलं नाही. रुबीनाला वाटतं पित्त झालंय.

३० नोव्हेंबर

दुपारी दुकान अर्धं लावून घेतलं. बूट आतून ओला केला आणि सहा नंबरच्या कलबुतावर चढवला. लाकडी साच्यावर दोन दिवस ताणून ठेवलं की कातडं बोटभर नाही, पण अर्धं बोट तरी नक्की सरतं. खिळा ठोकणार, एवढ्यात रुबीना आली. बाभुळगावहून फोन होता, दहा तारखेच्या रविवारी ते लोक सगळे मिळून येणार. किती खूश होती! लग्नानंतर पहिल्यांदाच दुकानात येऊन वेताच्या मोढ्यावर बसली आणि बसून राहिली. म्हणाली, पोरगी जवळच राहील, महिन्यातून दोनदा भेटेल.

ती गेल्यावर बूट कलबुतावरून काढला. सावलीत वाळवला. पुन्हा पाच नंबर.

वहीत तरी खरं लिहावं. मी विसरलो नाही, चुकलो नाही. मी तो लहान ठेवला.

२ डिसेंबर

तमन्नाने नखं कापली. पत्रकात लिहिलंय म्हणून. इतकी मुळापर्यंत की रुबीना ओरडली. उद्या पहाटे गाडी आहे.

३ डिसेंबर

गेली. गाडीच्या खिडकीतून बूट वर करून दाखवला, वेडी!

६ डिसेंबर

आली. मॅडमनी घरापर्यंत सोडलं. उंबऱ्यावरच म्हणाल्या, "युनूसभाई, चढताना ही सगळ्यांच्या पुढे होती. बाकीच्या पोरी मागे राहिल्या हिच्या. पण दुसऱ्या दिवशी उतरताना हिचे पाय गेले. शेवटचा उतार बसून बसून उतरली. निवड कशी करणार सांगा?"

मोजे काढताना रुबीना मध्ये येऊ नये म्हणून तिला पाण्याला पाठवलं. दोन्ही अंगठे काळेनिळे. उजव्याचं नख गेलेलं.

मॅडमनी विचारलं, बूट लहान झाला का? तमन्ना म्हणाली, "नाही मॅडम, बूट एकदम बराबर होता. माहीच चूक हाय. मी नखं कापली नव्हती."

मी तिच्या पायांकडेच बघत होतो. तिने माझ्याकडे बघितलं की नाही, माहीत नाही. मान वर करायची हिंमत झाली नाही.

७ डिसेंबर

दुकान उघडलं नाही. लोकांना सांगितलं, पित्त.

१० डिसेंबर, रविवार

बाभुळगावची माणसं आली. अय्याज खरंच चांगला आहे, हीच तर पंचाईत! वाईट असता तर मला काही करायला निमित्त मिळालं असतं. तमन्नाने हो म्हटलं. मोठ्या आवाजात, एकदाच, जबान दिल्याप्रमाणे. अंगठ्याला पट्टी बांधलेली, म्हणून चप्पल टाच बाहेर ठेवून घातली होती. मुलाची आई म्हणाली, पायाला काय झालं? तमन्ना म्हणाली, पहाडावर पडली. रुबीनाने सगळ्यांच्या तोंडात पेढा घातला. माझ्याही. मला हवं होतं ते सगळं मिळालं आणि पेढा मी मागच्या दारी जाऊन थुंकला.

ते म्हणाले, मे महिन्यात. मुलीचा लग्नाचा जोडा अर्थात तुम्हीच करणार! सगळे हसले.

१४ डिसेंबर

तमन्नाला सकाळी म्हटलं होतं, दुकानात ये, लग्नाच्या चपलेचं माप घेऊ. सकाळी आली नाही.

संध्याकाळी सहाला आली. माझ्यासमोर स्टुलावर बसली, पिशवीतून लोकरीचे मोजे काढले आणि हळूहळू दोन्ही पायांत चढवले. उजव्या अंगठ्यापाशी तोंड वाकडं झालं तिचं. मग कागदावर पाय ठेवला. लग्नाची चप्पल, जरीची, नाजूक — तिला लोकरीचे मोजे!

म्हणाली, "या खेपेले बोटभर जागा ठेवा, अब्बा."

रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मी पेन्सिल फिरवत राहिलो. मी म्हटलं, तमन्ना, तो बूट मी— ती म्हणाली, "मले चिखलदऱ्यालेच समजलं. पयल्याच उतारावर." मग मोजे काढून, घडी करून, पिशवीत ठेवून गेली.

१५ डिसेंबर

बाभुळगावला फोन केला. म्हटलं, लग्नाचा जोडा तयार व्हायला दोन वर्षं लागतील. अय्याजचा बाप हसला, त्याला वाटलं थट्टा. म्हटलं, थट्टा नाही, कारागिराने काम बिघडवलंय. थांबता येत असेल तर थांबा. रुबीना सकाळपासून माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा शिबिर आहे. सहा नंबरचं कलबूत पुसून फळीवर ठेवलं.