विश्रांती पूर्ण, अशी खोटी नोंद

मी, सविता राम नलगे, वय ५१, राहणार केडगाव, अहिल्यानगर, रेल्वेत मुख्य क्रू कंट्रोलर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची बळजबरी नाही आणि डोके ठिकाणावर आहे. भीती मात्र आहे. येत्या मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरात दोन-तीनच दगावतात. ते ऐकल्यापासून मी त्या दोन-तिघांतच स्वतःला मोजते.

१. केडगावचा दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातील सर्व सामान, बँकेतील ठेव व भविष्य निर्वाह निधी माझी एकुलती मुलगी मोनिका हिला मिळावा. ती राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकते. शिक्षण पुरे होईपर्यंत तिने फ्लॅट विकू नये. माझे पती राम सहा वर्षांपूर्वी वारले. सासरच्या कोणाचा यात हक्क नाही.

२. काष्टी येथे वडिलांनी माझ्या नावे केलेली वीस गुंठे लिंबोणी माझा भाऊ कल्याण याला द्यावी. सन १९९८ मध्ये मी सहायक चालक म्हणून रुजू झाले, तेव्हा हा गावभर सांगत फिरत होता, "इंजिन हाकनाऱ्या पोरीला कोन करनार?" ते त्याने आजवर मागे घेतलेले नाही. तरी जमीन त्यालाच द्यावी. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी मालगाडीवर होते आणि तो उशाशी होता.

३. माझी लोखंडी पेटी, बॅटरी आणि पान्यांचा संच आमच्याकडे नव्याने लागलेली सहायक चालक जया हिला द्यावा. तिने तो वापरावा, शोभेला ठेवू नये. तिला एक गोष्टही सांगावी. मी तिच्याएवढी असताना दोन रात्री जागून उतरले होते आणि मला पुन्हा गाडीवर बोलावणे आले. मी नको म्हणाले. तेव्हाचे कंट्रोलर राधाकृष्ण साहेब यांनी माझा नकार शब्दाला शब्द लिहून घेतला, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या आणि मला म्हणाले, "जा पोरी, झोप."

४. ही गोष्ट मी पुढे विसरले. चौदा वर्षे मालगाड्या चालवून मी ऑफिसात आले. कोणत्या गाडीवर कोणता चालक जाईल, हे ठरवणारी खुर्ची मला मिळाली. इंजिनात असताना फाटकावर अडकलेला ट्रॅक्टर, रुळावर आलेली गुरे यांची भीती वाटे, पण ती समोर दिसत आणि ब्रेक माझ्या हातात असे. खुर्चीत बसल्यावर हातात फक्त फोन आला. गाडी का थांबली, चालक का नाही, असे वरून विचारले की मी घाबरून खुर्चीतून उठून उभी राही. अजून उठते. घरातला फोन वाजला तरी उठते.

१८ एप्रिल २०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास सिमेंटच्या गाडीचा चालक उलट्या होऊन आडवा पडला. दुसरा कोणी नव्हता. वरून तीनदा फोन आला. मी बिभीषण वाकचौरे याला फोन लावला. तो रात्रभर गाडी चालवून पहाटे सहाला उतरला होता. नियमाप्रमाणे रात्रीपर्यंत त्याला बोलावता येत नव्हते.

तो म्हणाला, "मॅडम, पोरगी तापानं फणफणलीय. आल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई. आज नगं."

मी म्हणाले, "दोन तासांचं काम आहे. तू नाही म्हणालास तर मी वर काय सांगू?"

त्याने गाडी कुठे उभी आहे ते विचारले. मग म्हणाला, "जातो. पन मी नगं म्हनलो हुतो, येवढं लिहून घ्या."

"घेते," मी म्हणाले.

मी लिहिले नाही. संगणकात "विश्रांती पूर्ण, चालक तयार" अशी नोंद केली आणि वर कळवले की गाडी निघते आहे.

दुपारी दोन वाजता बिभीषणाचा डोळा लागला. एका लहान स्थानकाबाहेर गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली. वळणापलीकडे रूळ दुरुस्त करणारी माणसे होती. एक सोडून सगळी वेळेत बाजूला झाली. भीमा नावाच्या कामगाराचा डावा पाय घोट्यापासून गेला.

चौकशीत मला एकटीला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, चालकाने थकल्याची तक्रार केली होती का? मी "नाही" म्हणाले. बिभीषणाची नोकरी गेली. चार महिन्यांनी मी मुख्य कंट्रोलर झाले.

या मार्चमध्ये काष्टीच्या शनिवारच्या बाजारात तो मला भेटला. राहात्याहून टेम्पोत जनावरे घेऊन आला होता. त्याला पाहून मला पळावेसे वाटले. तोच जवळ आला. "मॅडम, मी अपील केलंय. तुमी लिहिलेलं वरच्यांनी पुसलं आसंल. तुमचा काय दोष?" त्याने मला चहा पाजला. तो मी प्यायले.

५. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये कॉल आपोआप ध्वनिमुद्रित होत असत. त्या दिवशीचे आमचे बोलणे त्यात आहे. मी ते पुसलेही नाही आणि ऐकलेही नाही. माझ्या मृत्यूनंतर तो मोबाईल बिभीषण यास द्यावा. त्याच्या अपिलाची सुनावणी २० नोव्हेंबरला आहे.

इथवर ११ तारखेला लिहिले. मोनिकाने सगळे वाचले. कलम ५ वर तिने बोट ठेवले. मग म्हणाली, "आई, आणि तू जगलीस तर?"

जगले, तर मोबाईल कपाटातच राहणार होता.

६. वरील कलम ५ मी रद्द करीत आहे. आज, १३ तारखेला, सकाळच्या एसटीने मी राहात्याला गेले. बिभीषण अंगणात टेम्पो धूत होता. मी मोबाईल पुढे केला आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. त्याने ते बोलणे लावले. "घेते" इथपर्यंत त्याने ऐकले आणि बंद केले.

"म्हंजी तुमी लिहिलंच न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"आन् मी साऱ्या गावाला सांगितलं, बाई लई चांगली हाय."

मोबाईल खिशात घालून तो आत गेला. दार लावले नाही, पण परत बाहेरही आला नाही. मी थोडा वेळ थांबले आणि स्टँडवर आले. माझा खरा जबाब, सही करून, अपील अधिकाऱ्यांना आजच पोस्टाने पाठवला आहे. आता माझी चौकशी होईल. नोकरी जाईल, कदाचित गुन्हाही नोंदला जाईल. ऑपरेशन टेबलापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटते.

७. मी मंगळवारी मेले, तर माणसे म्हणतील की राहात्याची दगदग आणि बिभीषणाचे बोलणे सोसले नाही. तसे कोणी म्हणू नये. तो मला एकही वावगा शब्द बोललेला नाही. जगले, तर पहिली चौकशी लागेल त्या दिवशी मोनिकाने माझ्याबरोबर यावे. मला एकटीने आत जाता येणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोनिकाने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. सही थोडी वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

(सही) सविता राम नलगे

आमच्यादेखत सही झाली. या मृत्युपत्रान्वये आम्हांला काहीही मिळत नाही.
साक्षीदार १: (सही) केशरबाई दत्तू शेळके, शेजारी, केडगाव
साक्षीदार २: (सही) समर्थ गोरख ढवळे, निवृत्त मालगाडी गार्ड, केडगाव

स्थळ: केडगाव, अहिल्यानगर
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५