अक्का आणि भाऊजींचा कद

नाशिक, पौष वद्य षष्ठी, १९३५. दिवेलागण.

काल मी शहाणपणा केला. नको होता करायला.

दिवाळीनंतर भाऊजी गेले आणि अक्का माहेरी, आमच्याकडे आली. ते पूजेला नेसत तो रेशमी कद तिने बरोबर आणला. रोज सकाळी धुते, उंच दांडीवर वाळत घालते, संध्याकाळी काठीने उतरवून घडी करते. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

यंदाची थंडी अगदी कोरडी. काल उतरवताना कद तिच्या हाताला चिकटला. बारीक चटचट झाली. सोडवला तरी पुन्हा चिकटला.

"आठ दिवस झाले, ते असाच हात धरतात," अक्का हळूच म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा पाहिला!

तिथेच गप्प बसायचं. पण मी पडलो शाळामास्तर. कंगवा केसांत घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. "घर्षणाने वीज तयार होते, अक्का. हात ओला कर, चिकटणार नाही."

वर्गात पोरं याला टाळ्या वाजवतात. अक्का कपट्यांकडे बघत राहिली. "म्हणजे कोणी नसतं," एवढंच बोलली.

सोवळ्यात तिला कोणी शिवत नाही. आणि एरवी तरी? मी शेवटचा तिचा हात कधी धरला?

आज संध्याकाळी भांडी विसळून ती दांडीखाली आली. हात ओलेच होते. मला वाटलं, तशीच कद उतरवील. तिने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले, अगदी कोरडे होईपर्यंत. मग काठी उचलली.