अण्णांच्या कानांना बसेल असा हेडफोन

८ फेब्रु., रवि.

टेम्पो दहाला आला. नितीन स्वतः आला होता, दोन माणसं घेऊन. दोन्ही स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, स्टँड, सगळं गेलं. कपडे त्याने गेल्या वर्षीच पुण्याला नेले होते. तेव्हा मी म्हटलं होतं, माणूस बदलीवर गेला की कपडे लागतातच. स्पीकर मात्र माणूस राहायला जातो तिथे नेतो.

तिकडे ती आहे. तिचं नाव या वहीत लिहिणार नाही.

टेम्पोवाल्यांसकट सगळ्यांना पोहे केले. का केले, विचारू नये. एकवीस वर्षांची सवय.

निघताना वडिलांना म्हणाला, "अण्णा, तुम्ही कधी येताय?" अण्णा म्हणाले, "बघू." मग खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. मुलगा गेला आणि सासरे सुनेकडे राहिले. सोसायटीत बायका विचारतात, मी हसते.

११ फेब्रु., बुध.

अण्णा आता मोबाईलवर गाणी लावतात. फुल्ल आवाज. पत्र्याच्या डब्यात कोणी गातंय असं वाटतं. तरी त्यांना नीट येत नाही, म्हणून मोबाईल कानाशी धरतात, आणि हात दुखला की दुसऱ्या कानाशी. न्हावा शेवा बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली, कान तिथेच ठेवून आले. श्रवणयंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून डबीत असतं.

सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्याची 'नम्र विनंती' आली. आमचं नाव नाही, पण दुपारी चार ते सहा भजन कोण लावतं ते सगळ्यांना माहीत आहे. अण्णांना दाखवलं नाही. त्यांनी पाहिलं असावं. आज चार वाजता काहीच लावलं नाही, नुसते बसून होते.

हेडफोन घ्यायचा. तीन हजारांच्या वर नाही.

१४ फेब्रु., शनि.

ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. भली मुलगी आहे, अण्णांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं बोलत होती. कागदावर आलेख काढून दिला. खालचे सूर बऱ्यापैकी आहेत, वर जाऊ तशी रेघ घसरते. डावा कान जास्त गेलाय. हेडफोनचं विचारलं तर म्हणाली, चालेल, पण आवाज बेताचा. बंद डब्यासारखा कान झाकणारा घेतलात आणि यंत्र काढायला विसरलात तर शिट्टी वाजेल. बाहेरून जाळी असलेला, उघडा मिळतो तो बघा, त्यात यंत्र असलं तरी बहुतेक चालतं. डाव्या कानाचा आवाज वाढवायची सोय मोबाईलच्या सेटिंगमध्येच आहे, तिने तिथेच करून दिली.

फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना. मी 'सून' लिहिलं. अजून चार-सहा महिने तरी खरं आहे.

१७ फेब्रु., मंगळ.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले. ओपन बॅक, क्लोज्ड बॅक, इम्पीडन्स, ड्रायव्हर. जो तो वेगळं सांगतो. एकाला जे 'गोड' वाटतं ते दुसऱ्याला 'गढूळ'. मला कळलं ते एवढं: वायरवाला बरा, कारण अण्णा चार्जिंग विसरणार. वजनाला हलका हवा. चष्म्याच्या काड्या दाबल्या जाऊ नयेत. गाद्या बदलून मिळायला हव्यात. धमाधम बास नको, गळा स्पष्ट हवा.

नि.ला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. घरात आवाजाची वस्तू त्याने आणायची, मी पुसायची. मेसेज टाइप केला: अण्णांसाठी हेडफोन घ्यायचाय, कुठला घेऊ? दोन वेळा वाचला. पुसून टाकला. त्याने उत्तर दिलं नसतं तर वाईट वाटलं असतं, आणि चांगलं, लांबलचक, काळजीने उत्तर दिलं असतं तर जास्त.

२१ फेब्रु., शनि.

वाशी. अण्णांना घेऊन गेले. ते म्हणाले डोकं माझं, मी येणार.

पहिल्या दुकानात पोरगं ब्लूटूथच दाखवत होतं. "अंकल, बास ऐका बास." अण्णांनी घातला, लगेच काढला. म्हणाले, "विहिरीत डोकं घातल्यासारखं वाटतंय."

दुसरं दुकान लहान. मालक साठीचा, घाई नसलेला. आधी त्याने विचारलं, काय ऐकता? अण्णांनी मोबाईल काढला आणि ती जुनी मैफल लावली, कोणीतरी कॅसेटवरून उतरवून दिलेली. नि. आणि अण्णा दर रविवारी ऐकायचे तीच. मालकाने एकेक देऊन पाहिला. एक जड होता, एक कानशिलं दाबत होता. चौथा काळा, साधा, बाहेरून जाळीचा. अण्णा ऐकत राहिले. मालक आणि मी उभे. मग अण्णा एकदम मोठ्याने म्हणाले (हेडफोन घातला की माणसाला कळत नाही), "अनघा, तो खोकला."

त्या मैफलीत आलाप चालू असताना समोर कोणीतरी खोकतो. नि. त्याची नक्कल करायचा, बरोब्बर त्या जागी, आणि बापलेक हसायचे. गेली कितीतरी वर्षं अण्णांना तो ऐकूच येत नव्हता. नि. खोकायचा म्हणून ते हसायचे. मला हे आज कळलं.

"इतकी वर्षं झाली, अजून खोकतोय मेला," म्हणाले. डोळे पुसत होते.

बजेटच्या थोडा वर होता. मालकाने मोबाईलला जोडायची छोटी पिन वर दिली. घेतला.

२२ फेब्रु., रवि.

शिरवण्याची मासळीवाली मावशी दारात. बोंबील घेतले. पाटी उचलता उचलता म्हणाली, "दादा दिसत नाय बरेच रविवार. पुन्याला हाय का अजून?" म्हटलं, हो, कामं असतात. "त्याला सुरमई आवडते. आला का सांग, मोठी आनते."

सांगते म्हटलं.

१ मार्च, रवि.

चार वाजता अण्णांनी हाक मारली. "बस गो जरा." माझ्या डोक्यावर हेडफोन ठेवला आणि ती मैफल पहिल्यापासून लावली.

पीठ मळायचं होतं. बसले.

ही मैफल मी एकवीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकली आहे. कुकरच्या शिट्टीतून, नळाच्या आवाजातून. हॉलमध्ये ते दोघं, आत मी. मला ती पाठ आहे असं वाटायचं. आज कळलं, तंबोरे दोन आहेत. बाई गाताना मध्येच कोणालातरी हळू 'या, बसा' म्हणते. एक जागा अशी आहे की सूर लावते, तो लागत नाही, सोडून देते, आणि परत तिथेच येते. आणि मग लागतो.

रडले. अण्णा समोर बसले होते, त्यांनी पाहिलं, पेपर वर धरला.

नि.ला तेव्हा म्हणायला हवं होतं का, की मलाही बसू दे? त्याने कधी नको म्हटलं नव्हतं. मीही कधी गेले नाही. कोण कोणापासून लांब बसलं होतं, आता काय सांगणार.

६ मार्च, शुक्र.

वकिलाकडून कागद आले. परस्पर संमती. माझी संमती आहे असं छापलेलं आहेच, खाली फक्त सही करायची. तीन ठिकाणी.

केली नाही. फ्रीजवर ठेवलेत.

८ मार्च, रवि.

नि.चा फोन. मोठी जागा मिळाली, लिफ्ट आहे, जवळ हॉस्पिटल आहे. पाडव्यानंतरच्या रविवारी, २२ला, येऊन अण्णांना नेतो. तो म्हणाला, तुझ्यावर किती दिवस भार टाकायचा. मी म्हटलं, भार कोण म्हणालं? तो म्हणाला, "अनघा, ते माझे वडील आहेत."

सही केली की कागदावर ते माझे कोणीच नाहीत. रोज सकाळी त्यांच्या बीपीच्या गोळ्या काढून ठेवते, त्यांना चहात आलं किती लागतं ते मला माहीत आहे. यासाठी फॉर्मवर रकाना नसतो.

अण्णांना सांगितलं नाही. नि. म्हणाला, मीच येऊन सांगतो, १५ला येतो.

१५ मार्च, रवि.

आला. बारीक झालाय. शर्टाला इस्त्री नव्हती, माझ्या नजरेत आलं, बोलणं गिळलं.

टेबलावर हेडफोन. उचलला, जाळी पाहिली, गादी दाबून पाहिली, घातला. अण्णांच्या मोबाईलवर दोन मिनिटं ऐकलं. काढून म्हणाला, "चांगला निवडलास. या पैशात याहून चांगला नाही." एकवीस वर्षांत माझी निवड बरी आहे असं तो पहिल्यांदा म्हणाला असेल. आत कुठेतरी इतकी खूश झाले की स्वतःची लाज वाटली.

मग म्हणाला, पण तिकडे स्पीकर लावलेत. अण्णांची खुर्ची बरोबर मध्ये येईल.

जेवणं झाली. अण्णा खुर्चीत बसले, हेडफोन घातला, डोळे मिटले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात. तिथेच बोललो, आवाज फार दाबला नाही. अण्णांना ऐकू येणार नव्हतंच.

मी म्हटलं, "सगळं ने. त्यांना नेलंस तर मी संध्याकाळी कुणासाठी घरी यायचं?" म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

तो ओट्याला टेकून उभा. मग म्हणाला, "मला त्यांच्याकडे बघवत नाही अनघा. ते काही बोलत नाहीत. एकदा शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिकडे आले तर कधीतरी बोलतील." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवायला नको होता. त्याने काढला नाही. मीच काढला.

अण्णांना न सांगताच गेला. म्हणाला, २२ला सांगतो, तेव्हाच नेतो.

१६ मार्च, सोम.

सकाळी चहा देताना अण्णा म्हणाले, "काल मी काही लावलं नव्हतं."

मला आधी कळेना.

"हेडफोनमध्ये. काही लावलं नव्हतं. आणि यंत्र कानात होतं." कप खाली ठेवला. "तुम्ही दोघं माझ्यासमोर बोलत नाही. म्हटलं, ऐकत नसल्यासारखं बसावं."

सगळं ऐकलंत का, विचारलं.

"तुझं ऐकलं. त्याचंही ऐकलं." मग म्हणाले, "तो म्हणतो, तिकडे आले तर बोलतील. तू म्हणतेस मी कुणासाठी घरी येऊ. दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही, अण्णा, तुम्हाला कुठे राहायचंय."

खरं आहे. नाही विचारलं. मी तर मुद्दाम नाही विचारलं. 'तिकडे' म्हणाले असते तर?

तिथेच खाली बसले आणि विचारलं. अण्णा, तुम्हाला कुठे राहायचंय?

माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला विचार करू दे. तू इकडे एकटी. तो तिकडे असून एकटा. मी त्याच्याशी बोललो नाही तर तो तसाच राहील."

ऑफिसला उशीर झाला.

१९ मार्च, गुरु., पाडवा.

गुढी उभारली. काठी धरायला अण्णा. शेवटपर्यंत सोडली नाही. श्रीखंड दोघांपुरतं.

नि.चा शुभेच्छांचा मेसेज. अण्णांनी स्वतः फोन मागून घेतला, त्याला लावला, बाल्कनीत जाऊन बोलले. बराच वेळ. त्यांचा आवाज मोठा असतो तरी मी आत मिक्सर लावला. ऐकायचं नव्हतं. आत आले तेव्हा चेहरा थकलेला, पण मोकळा. म्हणाले, "बोललो त्याच्याशी." पुढे काही नाही. रविवारचं मी विचारलं नाही.

२० मार्च, शुक्र.

दुपारी अण्णांचा ऑफिसात फोन. कधी करत नाहीत. घाबरून बाहेर जाऊन घेतला.

"तो वाशीचा दुकानदार. त्याच्याकडून अजून एक आण. असाच. पैसे मी देतो, माझ्या पेन्शनचे."

म्हटलं, बिघडला का?

"नाही. अजून एक आण."

संध्याकाळी वाशीला गेले. मालकाने ओळखलं, म्हाताऱ्याबाबांना आवडला ना, विचारलं. तेच मॉडेल, तोच काळा. पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि तेव्हा डोक्यात आलं. दोन हेडफोन दोघांना लागतात, एका घरात, समोरासमोर बसून. किंवा एक पुण्याला जातो आणि एक इथे राहतो, मला.

घरी आले. अण्णांनी खोका उघडला, गाद्या दाबून पाहिल्या, बरोबर आहे म्हणाले. पहिल्याच्या शेजारी ठेवला.

विचारता आलं असतं. भाजी फोडणीला टाकली. परवा रविवार.