कलमांखालून वाहून गेलेलं पाणी

बाबा, आज नर्सरीतलं टाकं उपसलं. तळाचा गाळ काढता काढता तुमचा पुन्हा राग आला, म्हणून लिहायला बसले.

सावनेर रस्त्यावरची आपली नर्सरी. त्या वर्षी होळी नुकतीच झालेली आणि विहीर एवढ्यातच तळाला गेलेली. मॅट्रिक होऊन मी तुमच्याच हाताखाली कामाला लागलेली. तुम्ही झारीनं पाणी घालता, त्यातलं निम्मं कुंड्यांच्या बुडातून गळून नालीत आणि नालीतून रस्त्यावर जातं. कमी पडलेलं पाणी आई लांबच्या विहिरीवरून आणते, डोक्यावर घागरीवर घागर ठेवून. मी म्हटलं, "बाबा, हे गळालेलं पाणी धरून ठेवू, उद्या तेच घालू." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एकाचं आंग धुतलेलं पानी दुसऱ्याले पाजतेत का वं?"

तुम्ही नात्यातल्या लग्नाला भिवापूरला गेलात तेव्हा आईनं आणि मी नालीच्या तोंडाशी टाकं खणलं. सिमेंट परमिटशिवाय मिळेना, म्हणून चुन्यानं लिंपलं. परत आल्यावर तुम्ही ते पाहिलंत आणि झारी त्यात बुडवलीत. आईच्या खेपा थांबल्या. ती दुपारी चक्क आडवी व्हायला लागली.

वैशाखात, आखाजीच्या सणाच्या सुमारास संत्र्याच्या कलमांची पानं पिवळी पडली. बुंध्याशी डिंक आला. उपटून पाहिलं तर मुळांची साल हातात येत होती. एक कलम तुम्ही माझ्यासमोर धरलंत. "पाहून घे, तुह्या टाक्यानं काय केलं ते."

"मग संत्र्याले नका देऊ. गुलाबाले द्या, मेंदीले द्या. रेतीतून गाळून घेऊ."

आईही म्हणाली, "पोरगी काय सांगून राहिली ते आयका तरी."

तुम्ही फावडं घेतलंत आणि संध्याकाळपर्यंत टाकं मातीनं बुजवलंत. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा घागरी उचलल्या. मे महिन्याच्या उन्हात एकदा ती रस्त्यातच चक्कर येऊन पडली. तुम्ही तिला उचलून आणलंत, वारा घातलात, त्या दिवसाच्या उरलेल्या खेपा स्वतः केल्यात. मी पुन्हा टाक्याचं काढलं, तर म्हणालात, "माह्या जागेत नाही." बस, एवढंच. काहून नाही, ते कधीच सांगितलं नाहीत.

रोग त्या पाण्यातूनच पसरला होता, यात तुमचं खरं होतं. ते मला फार पुढे कळलं. पण निम्मं खरं हाती लागलं की माणसानं उरलेलं ऐकूच नये का? पुढचा उन्हाळा लागायच्या आत तुम्ही गेलात आणि हे भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात राहिलं.

टाकं मी नंतर पुन्हा खणलं. पाणी रेती-गिट्टीतून गाळून घेते. संत्र्याला त्यातलं थेंबभर देत नाही, बाकी सगळी नर्सरी त्यावर जगते. लोक येतात, नावाजतात. आईला आता मान वळवता येत नाही; कोणी हाक मारली तर ती अख्खी वळून बसते. ते पाहिलं की कौतुक कानात शिरत नाही.

हे पत्र पोचलं असतं तरी तुम्ही ते न वाचता घडी घालून ठेवलं असतं, हे मी जाणून आहे. तरीसुद्धा दोनदा लिहून काढलं, अक्षर तुम्हाला आवडावं म्हणून.